मदत हवी आहे : वसईतल्या चर्चची १९१८ ची मृत्युनोंद कशी वाचायची? पणजीची कबर शोधतेय

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे ख्रिस्ती. बाबा ८१ वर्षांचे आहेत. गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्यावर ते दफनभूमीत बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या आजीला कुठं पुरलं, ते मला कोणी दाखवलंच नाही." तेव्हापासून मी पणजीला शोधतेय.

घरात माहिती एवढीच : आजोबा १९१२ चे. ते सहा वर्षांचे असताना त्यांची आई तापाच्या साथीत गेली, तेव्हा भात कापणीला आलं होतं. तिचं माहेर कुठलं हे आज कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या चर्चमध्ये जाऊन फादरांना विनंती केली. त्यांनी मृत्यूंची जुनी वही काढून दिली. फोटोला परवानगी नव्हती, म्हणून पेन्सिलीनं जसंच्या तसं उतरवून घेतलं. शाई तपकिरी पडलीय, कडा वाळवीनं खाल्ल्यात, भाषा पोर्तुगीज. पणजोबांच्या नावावरून एक नोंद सापडली, वयही जुळतं. पण महिन्याच्या जागी आठाचा आकडा आणि त्याला चिकटून 'ब्रो' असं आहे. आठवा महिना म्हणजे ऑगस्ट ना? ऑगस्टात भात कसं कापणीला येईल? शिवाय आमचं आडनाव रॉड्रिग्ज, इथे 'रोइझ' लिहिलंय. दुसरंच कोणी असेल का? आणि पुरल्याच्या ओळीत 'नो आद्रो' आहे, त्याचा अर्थ काय?

माहेर शोधायला काही वाट असेल तर तीही सांगा. कोणाला या जुन्या वह्या वाचायची सवय असेल तर फार उपकार होतील.

प्रतिसाद :

ताई, नोंद तुमचीच वाटते. '८ब्रो' म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. पोर्तुगीजमध्ये आठला 'ओइतो' म्हणतात आणि महिना 'ओउतुब्रो', म्हणून जुने पाद्री तसं आखूड लिहीत. '७ब्रो' सप्टेंबर, '९ब्रो' नोव्हेंबर. मुंबईत इन्फ्लुएंझाची सर्वांत जीवघेणी लाट १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलीच, आणि भाताचंही जुळलं. 'रोइझ' हे रॉड्रिग्जचंच आखूड रूप, फर्नांडिसचं 'फ्रझ' करतात तसं.

माहेरासाठी आधी पणजोबांची स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) नोंद काढा, ती तुमच्याच चर्चमध्ये असेल. १९०८ च्या ईस्टरपासून रोमचा नियम आला की लग्न कुठल्या चर्चमध्ये, कधी झालं ते वर-वधूच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात लिहायचं. आजोबा १९१२ चे, ते थोरले असतील तर लग्न या नियमानंतरचंच असण्याची शक्यता मोठी. समास नीट बघा, अक्षर बारीक असतं. लग्न बहुधा नवरीच्या चर्चमध्ये लागायचं, त्यामुळे तिथे जे गाव सापडेल तेच माहेर धरून पुढे चला.

एक लक्षात ठेवा. १९२८ पर्यंत मुंबई भागात पाद्रोआदो (पोर्तुगालचा अधिकार) आणि प्रोपागांदा (थेट रोमचा अधिकार) अशा दोन अधिकारांखालची चर्चं शेजारी शेजारी होती. एका चर्चमध्ये नाव मिळालं नाही, तर शेजारच्या चर्चचीही वही मागा.

'नो' म्हणजे 'मध्ये', आणि 'आद्रो' म्हणजे चर्चच्या दारासमोरचं अंगण. तिला दफनभूमीत नाही, अंगणात पुरलंय.

मूळ प्रश्नकर्ती :

दादा, हे वाचून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या अंगणात आता फरशी आहे, मधोमध दगडी क्रूस आहे, आणि बाबा दर रविवारी मिस्सा संपल्यावर त्याच क्रूसाच्या कट्ट्यावर बसतात. समासाची नोंद बघायला शनिवारी जातेय. काय सापडतं ते इथेच लिहिते.