मदत हवी आहे: ५६००जी प्रोसेसरवर रॅमची ८ जीबीची एकच स्टिक आहे, आत्ता रॅम वाढवू की ग्राफिक कार्डासाठी थांबू?

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याचा. आधी पीसीची माहिती देतो म्हणजे परत विचारायला नको. रायझन ५ ५६००जी, ए५२० चा छोटा मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट, एकात ८ जीबी डीडीआर४ २६६६ ची (हा आकडा वेगाचा) स्टिक आणि दुसरा पहिल्यापासून रिकामा. साटा एसएसडी, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, प्रोसेसरमधल्या व्हेगा ग्राफिक्सवरच चालतं सगळं. दिवसा बाबा त्याच्यावर होमस्टेचं बुकिंग आणि बिलं बघतात, रात्री मी आणि धाकटा भाऊ खेळतो.

व्हॅलोरंट मस्त चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्रास आहे तो रेड डेड रिडेम्प्शन २ चा. ७२०पी वर, सगळं लो करून, रानात घोडा पळवला तर खेळण्यासारखं चालतं पण सेंट डेनिस शहरात शिरलो रे शिरलो की चित्र अडकायला लागतं, टापांचा आवाज पुढे जातो आणि घोडा मागे राहतो, मग एकदम उडी मारून दुसऱ्याच गल्लीत. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघितला तर मेमरी ९६ टक्के, एसएसडी १०० ला टेकलेली, आणि प्रोसेसर मात्र चाळिशीत आरामात बसलेला. म्हणजे रॅम भरतेय आणि विंडोज उरलेलं सगळं एसएसडीवर ढकलतंय असाच अर्थ ना? त्यात ८ मधले २ जीबी बोर्डाने ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेत, विंडोजला दिसतात ५.९ च. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते ५१२ एमबी करून बघितलं, फरक नाही, ग्राफिक्सला लागलं की ते तसंही रॅममधूनच उचलतं. गेमवाल्यांनीच कमीत कमी ८ आणि रेकमेंडेड १२ जीबी लिहिलंय, तेही वेगळं कार्ड धरून, मग आमचं कसं भागणार.

आता मला खरं विचारायचंय ते पुढचं. कुडाळच्या ज्या दुकानात नेहमी जातो तिथले काका म्हणाले, "रॅमने काय गेम पळत नाय, ग्राफिक कार्ड घाल." वेगळं कार्ड असलेल्या पीसीला ते बरोबर असेल, पण ५६००जी ला स्वतःची व्हिडिओ मेमरीच नाही, त्याचं ग्राफिक्स रॅमच्याच रस्त्याने जेवतं आणि आमचा तो रस्ता सिंगल चॅनेल, म्हणजे एकच स्टिक असल्याने एकपदरी. हिशोब करून बघितला: २६६६ ची एक स्टिक म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साधारण २१ जीबी डेटा. तशीच दुसरी लावली की ४२ च्या वर. आणि तिच्या जागी १६ जीबीची एकच ३२०० वाली लावली तर २५.६ च. म्हणजे कागदावर तरी हळू चालणाऱ्या दोन स्टिका एका फास्ट स्टिकपेक्षा कितीतरी पुढे जातात, आणि मला वाटतं आपल्याला फक्त जीबी नाही, तो दुसरा चॅनेल कमी पडतोय. हे प्रत्यक्ष गेममध्ये कितपत उतरतं ते ज्यांनी ५६००जी किंवा ३४००जी (तसाच जुना प्रोसेसर) वर एकाच्या दोन स्टिका केल्यात त्यांनी प्लीज सांगा. सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यापेक्षा) ते अडकणं थांबलं का, ते मला जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरा घोळ किमतीचा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढायला लागले ते सगळ्यांनी बघितलंच. मेमरी बनवणारे एआयच्या डेटा सेंटरकडे वळलेत, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि डीडीआर४ तर तसंही जुनं झालं. थांबलो तर स्वस्त होईल असं मला वाटत नाही. दुकानात जो भाव सांगितला तो ऐकून बाबा म्हणाले ह्या पैशात दोन खोल्यांचे पंखे बदलतील, आणि त्यांचं चुकत नाही, मे महिन्याचं बुकिंग संपलं की आमच्याकडे पावसाळाभर हात आखडूनच असतो. म्हणून एकदाच आणि नीट घ्यायचंय.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. जुन्या बाजारातून सेम कंपनीची ८ जीबी २६६६ घेऊन रिकामा स्लॉट भरायचा, सगळ्यात स्वस्त. नाहीतर ८-८ ची नवीन ३२०० ची जोडी घ्यायची आणि आत्ताची विकायची, कारण नवीन ३२०० ची एकच आणून जुनीसोबत लावली तर दोन्ही २६६६ वरच चालणार. किंवा रॅमला हात न लावता वापरलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड घ्यायचं, ७५ वॉटचं, ज्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही ते, त्याची ४ जीबी मेमरी त्याचीच असते. पण मग विंडोज आणि गेमला ८ च राहणार, आणि ते एसएसडी १०० टक्के होणं थांबेल का? मला नाही वाटत. पुढेमागे एएम५ वर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांच्या सॉकेटवर) गेलो तर डीडीआर४ तिथे बसणार नाही हेही डोक्यात आहे, पण एवढ्यात तरी तो खर्च होणार नाही.

आणि एक प्रश्न खास किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. घर समुद्रापासून जवळ, खारा वारा आणि दमट हवा बारा महिने. परवा स्टिक काढून बघितली तर सोनेरी पिनांवर मधेमधे काळपट डाग आणि एका कोपऱ्याला बारीक हिरवट ठिपका. खोडरबराने हलकं पुसून, ब्रशने झटकून परत लावली. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली, पीसी चालू झाला, मेमटेस्टही (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर बिनचूक गेली. एवढी वर्षं उघडा पडलेला स्लॉट दोन्ही स्टिका लावल्यावरही पुढच्या पावसाळ्यात साथ देईल का? रत्नागिरी, मालवण, देवगडकडच्या कोणी रिकाम्या स्लॉटवर काही झाकण वगैरे लावतं का? जुन्या बाजारातली स्टिक घेताना पिना बघायच्या ते कळलं, अजून काय तपासायचं?

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ येतोय, तो लॅमिंग्टन रोडवरून घेऊन येईल, त्याला वॉरंटीचं बिल आणायला सांगितलंय. माझा कल ८-८ च्या जोडीकडे आहे पण पैसे बाबांचे आहेत, म्हणून अनुभव असलेल्यांचं ऐकूनच त्याला सांगेन. तो निघण्याच्या आठवडाभर आधी खरेदी करणार आहे, तेवढ्यात उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.