शब्दचर्चा: सिंथेसायझरचा 'ड्रिफ्ट' म्हणजे बेसूर, कणसूर की ढळलेला सूर?

प्रश्न:
एका सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. 'ड्रिफ्ट', 'डिट्यून' आणि 'स्लॉप' हे तीन शब्द त्यात पानोपानी येतात. जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांचा सूर जसा जागचा हलायचा, तसा या डिजिटल वाद्यात मुद्दाम हलवता येतो, त्याचे हे नॉब. तिन्हींना मिळून 'बेसूर' म्हणावं का? 'बेसूरपणा वाढवण्यासाठी नॉब उजवीकडे फिरवा' हे वाक्य मला तरी वाचवत नाही.

उत्तर 1:
'बेसूर' नकोच. तो ऐकणाऱ्याने दिलेला निकाल आहे, आणि पुस्तिकेला सांगायची आहे वाद्याची चाल. शिवाय तीन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शब्दात कोंबल्या तर वाचणारा चुकीचा नॉब फिरवेल.

'ड्रिफ्ट'पासून सुरुवात करू. 1970 सालच्या मिनीमूगसारख्या अ‍ॅनालॉग वाद्यात कळ दाबली की ऑसिलेटरला, म्हणजे मूळ सूर निर्माण करणाऱ्या सर्किटला, व्होल्टेज मिळतं, आणि व्होल्टेज एका व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक वर जातो. हे घातांकी गणित ट्रान्झिस्टर करतात आणि ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे. भरपाईची सोय नसेल तर तापमान वाढताना एका अंश सेल्सिअसमागे सप्तकाचं हे माप सुमारे 0.33 टक्क्यांनी आखडतं. संदर्भाच्या सुरापासून, म्हणजे ज्या सुरावर वाद्य जुळवलं त्यापासून, दोन सप्तकं वरचा, म्हणजे 2400 सेंट दूरचा स्वर घ्या. तो एका अंशाला साधारण 8 सेंट उतरतो. दोन शेजारच्या कळींमध्ये अंतरच 100 सेंटांचं असतं, त्यामुळे कानाला हे लगेच कळतं. शिवाय संदर्भाजवळचे स्वर जवळपास जागेवरच राहतात, म्हणून अख्खं वाद्य सारखं उतरत नाही, सप्तकंच आखूड होतात. यावर उपाय म्हणून तापमानाबरोबर रोध वाढणारे रेझिस्टर वापरत. पण रेझिस्टर ट्रान्झिस्टरला नीट चिकटलेला नसला की त्याचं तापमान मागे राहतं आणि भरपाई अर्धवट होते.

या हालचालीला मराठीत क्रियापद आयतं आहे: सूर ढळतो. त्यात हळूहळूपणा आहे, आपोआप होणंही आहे, आणि दोष कुणाच्या माथी मारलेला नाही. ड्रिफ्टसाठी मी 'सूर ढळणं' हेच घेईन.

उत्तर 2:
'कणसूर' कसा वाटतो? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तोंडी आहे आणि नेमका 'किंचित' सांगतो. किंवा 'जवारी'? अ‍ॅनालॉग आवाजाला लोक 'भरीव', 'जिवंत' म्हणतात, तसंच चांगल्या जवारीबद्दलही बोलतात.

उत्तर 1 (पुढे):
जवारी इथे बसत नाही. ती घोडीवर तार टेकण्याच्या पद्धतीतून येते. तिने आवाजाचा पोत बदलतो, सुराची जागा तीच राहते. 'कणसूर' मात्र चांगला शब्द आहे. ऐकू काय येतं याचं वर्णन करताना तो जरूर वापरा. नॉबच्या नावात नको, कारण त्यातही तक्रारीचा सूर राहतो आणि गोष्ट काळाबरोबर बदलते आहे की कायमची आहे हे कळत नाही.

हा काळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 1978 सालच्या प्रॉफेट-5 या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये पाच व्हॉइस होते, म्हणजे एका वेळी एकेक स्वर वाजवणारे पाच संच, प्रत्येकाचे ऑसिलेटर आणि आवाजाचा पोत घडवणारे फिल्टर स्वतंत्र. ट्यूनचं बटण दाबलं की आतला मायक्रोप्रोसेसर ऑसिलेटर तपासून सूर जुळवायचा, तरी थोडं काही उरायचंच. एकच कळ पुन्हा पुन्हा दाबली की स्वर पाळीपाळीने वेगवेगळ्या व्हॉइसकडे जातो आणि दर वेळी बारीक निराळा लागतो. इथे काहीच ढळत नाही. ही व्हॉइसांमधली 'तफावत'. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा नॉब वेगळा असतो, म्हणून शब्दही वेगळा ठेवा.

'डिट्यून' तर वाजवणाऱ्याने ठरवून ठेवलेलं 'अंतर'. 440 हर्ट्झच्या दोन ऑसिलेटरांपैकी एक 4 सेंट वर नेला की साधारण सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. याला मी 'डोल' म्हणतो. तेच 4 सेंट कायम ठेवून 110 हर्ट्झवर या, एका डोलाला चार सेकंद लागतात. 880 वर गेलात तर सेकंदाला दोन डोल. एकेक सप्तक वर जावं तसा डोल असा नियमाने दुप्पट होत जातो, आणि निव्वळ डिजिटल डिट्यून ओळखू येतो तो इथेच. जुन्या वाद्यात दोन ऑसिलेटरांची सप्तकं तंतोतंत सारखी नसत, त्यामुळे एखाद्या कळीवर डोल जवळजवळ थांबायचा आणि दोन कळी पुढे पुन्हा सुरू व्हायचा. नक्कल करणाऱ्यांनी खरं तर याच्यावर मेहनत घ्यायला हवी. अनेक वाद्यांत सगळ्या सुरांना थोडी यादृच्छिक हालचाल देऊन काम उरकलेलं असतं, ते ऐकवत नाही.

उत्तर 3:
एक भर घालते. पुस्तिकेत 'जुनं म्हणजे ढळणारं' असा अर्थ येऊ देऊ नका. 1982 च्या जुनो-60 या सिंथेसायझरमध्ये सुराची वारंवारता डिजिटल घड्याळावरून, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या सर्किटवरून ठरायची, त्यामुळे त्या वाद्याचा सूर जागेवर राहायचा. उलट 2020 साली नव्याने आलेला प्रॉफेट-5 अस्सल अ‍ॅनालॉग असूनही इतका स्थिर आहे की त्याला 'व्हिंटेज' नावाचा नॉब द्यावा लागला. 4 वर सगळं जुळलेलं, 1 कडे नेलं की विस्कळीत. म्हणून 'अ‍ॅनालॉगपणा' हा शब्दही टाळा.

प्रश्नकर्ती:
मग 'स्लॉप'?

उत्तर 1:
'सैलपणा'. प्रॉफेट '08 या सिंथेसायझरवर हाच शब्द होता आणि त्याचेही ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालणारे, म्हणजे सैल केल्याशिवाय न हलणारे. तार सैल झाली असं आपण म्हणतोच, वाचणाऱ्याला समजवावं लागणार नाही. तुमचं वाक्य असं होईल: 'सूर अधिक सैल करण्यासाठी नॉब उजवीकडे फिरवा.' आणि ड्रिफ्टच्या नॉबखाली: 'सूर किती ढळावा ते इथे ठरवा.' नॉबवरची मूळ नावं मात्र देवनागरीत तशीच राहू द्या, नाहीतर पडद्यावर शोधताना माणूस अडेल.