पंखवाला बूट नक्की कुणाचा, नाइकीचा की हर्मीसचा?

कोरडीभाकर:
लेक सातवीत आहे, परवा तिला ४०० मीटरमध्ये ब्राँझ मिळालं. मेडलवर एक बूट कोरलाय आणि घोट्याजवळ बारीकसा पंख, तीनच पिसं आहेत पण सुंदर काढलीत. आई हा कुणाचा बूट गं म्हणाली तर मी पटकन सांगून टाकलं, नाइकीचा, ती विजयाची ग्रीक देवी ना. रात्री आठवलं की नाइकीचे पंख तर पाठीला असतात, पॅरिसला लूव्हर म्युझियममध्ये तिचा तो डोकं नसलेला मोठा पुतळा आहे त्यातही तसेच आहेत. मग हा बूट कुणाचा? लेकीला चुकीचं सांगून ठेवायचं नाहीये, कुणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज.

पायवाट:
आधी लेकीचं अभिनंदन!! बूट हर्मीसचा, रोमन लोक त्यालाच मर्क्युरी म्हणतात. देवांचा निरोप्या. आणि मुळात तो बूट नाही, सँडल आहे. गंमत म्हणजे प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात त्या सँडलला पंख असल्याचा उल्लेखच नाही, सोन्याच्या आहेत, कधी न झिजणाऱ्या आहेत, वाऱ्याच्या झुळकीबरोबर त्याला समुद्रावरून आणि जमिनीवरून घेऊन जातात, एवढंच आहे. पंख दिसतात ते ग्रीक मडक्यांवरच्या चित्रांत, तिथे तो बऱ्याचदा घोट्याच्या वर येणारे बूट घालतो आणि त्यातून पंख वर आलेले असतात. लॅटिनमध्ये याला टलारिया म्हणतात, टालुस म्हणजे घोटा, त्यावरून. म्हणजे शब्दातही पंख नाहीच, घोटा आहे.

अजून एक, लेकीला आवडेल. जन्मला त्याच दिवशी या पोराने अपोलो देवाच्या ५० गाई पळवल्या. माग लागू नये म्हणून गाईंना उलटं चालवलं आणि स्वतःसाठी झाऊ आणि मर्टलच्या डहाळ्या विणून सँडल केल्या, त्यामुळे वाळूत उठलेले ठसे कुणाचे तेच अपोलोला कळेना.

रबरवाला:
आमचा टायरचा धंदा आहे, हे चिन्ह रोज बघतो. गुडइयरचं नाव नीट बघा, गुड आणि इयरच्या मधे पंख लावलेला पाय आहे. कंपनी १८९८ ची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावची. फ्रँक सायबरलिंग म्हणून संस्थापक, त्यांच्या घरी जिन्याच्या कठड्याच्या खांबावर मर्क्युरीचा पुतळा होता, त्यावरून हे सुचलं. आणि ज्यांचं नाव कंपनीला आहे ते चार्ल्स गुडइयर रबर टिकाऊ करायची रीत शोधून १८६० मध्येच वारले होते, कंपनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबचंही चिन्ह पंखाचा पाय, त्यावरून तिथल्या एका नामांकित गोल्फ क्लबचं नावच विंग्ड फुट पडलं.

उंबरठा:
वरचं सगळं बरोबर आहे पण मला एक मनापासून वाटतं, लोगोवाल्यांनी त्यातला फक्त वेग उचलला. हर्मीस नुसता जोरात पळणारा नाही, तो हद्द ओलांडणारा आहे, मेलेल्यांना पाताळाच्या वाटेवर तोच सोडतो आणि स्वतः परत येतो, दुसऱ्या कुणाला ते सहज जमत नाही. ग्रीक कथांमधला वीर पर्सियस, त्याचं पण तेच बघा ना. मेडूसा नावाच्या राक्षसिणीचं डोकं कापायला तो अप्सरांकडून पंखांच्या सँडल, पिशवी आणि अदृश्य करणारी टोपी घेतो, पण सँडलची खरी गरज पडते ती डोकं कापून झाल्यावर, कारण मेडूसाच्या दोन बहिणी अमर आहेत आणि त्या मागे लागतात. म्हणजे त्या सँडल सुखरूप परत येण्यासाठी आहेत!! आणि काम झाल्यावर तो त्या हर्मीसकडे देऊन टाकतो, स्वतःकडे ठेवत नाही, मला कथेतलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

फ्लॉरेन्सला गेलात तर शिल्पकार चेल्लीनीचा पर्सियसचा पुतळा चौकातच उभा आहे, त्याच्या घोट्यांशी पंख बघा, आणि बार्जेलो म्युझियममध्ये जाम्बोलोन्या या शिल्पकाराचा मर्क्युरी, एका पायाच्या चवड्यावर तोललेला, आणि त्या पायाखाली वाऱ्याच्या देवाच्या तोंडातून निघालेली फुंकर, तीही ब्राँझचीच. अख्खा धातूचा माणूस फुंकरेवर उभा आहे.

जुनीपोथी:
आपल्याकडेही आहे की. कथासरित्सागरात पुत्रक नावाचा राजा, मयासुराची दोन पोरं एका भांड्यावरून, काठीवरून आणि उडत्या पादुकांवरून भांडत असतात, हा म्हणतो शर्यत लावा, जिंकेल त्याचं सगळं, ती पळत सुटतात आणि हा पादुका घालून पसार. पुढे पाटलीपुत्र वसवलं ते यानेच, अशी कथा. त्या पादुकांना पंख नाहीत, नुसत्या घातल्या की उडता येतं, होमरसारखंच. आणि त्या गोष्टींचं मूळ म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा, तो पैठणचा मानतात.

कोरडीभाकर:
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज जेवताना आधी सांगितलं की माझं चुकलं होतं, मग गाईंची गोष्ट सांगितली आणि पर्सियसची पण. पर्सियसने सँडल परत दिल्या म्हटल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, आई, माझे स्पाइक्स पण ताईचेच आहेत ना, ते उद्या धुऊन परत द्यायचेत.