'जाने भी दो यारो'ची नवी डिस्क काढाच, पण कापलेल्या रिळांसकट!

रीळभक्त (धागाकर्ता)

कुंदन शाहांच्या १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या विनोदी हिंदी सिनेमातले सतीश शाह २०२५ च्या ऑक्टोबरात गेले आणि आमच्या कट्ट्यावर बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. माणूस अर्धा सिनेमा प्रेत म्हणून वावरतो आणि जिवंत माणसांवर मात करतो, हे दुसऱ्या कुणाला जमलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्या निमित्ताने घरातली डीव्हीडी पुन्हा लावली. २०१२ मध्ये सिनेमा दुरुस्त होऊन थिएटरात परत आला होता, त्या सुमाराची, एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या, 'सिनेमाज ऑफ इंडिया' मालिकेतली. तेव्हा तीच चैन वाटली होती. आता मोठ्या टीव्हीवर रात्रीचे प्रसंग नीट दिसत नाहीत. ओम पुरीचा बिल्डर आहुजा दारूच्या नशेत शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या प्रेताशी गप्पा मारतो, तिथे चेहरा कुठे संपला आणि अंधार कुठे सुरू झाला ते कळत नाही. डीव्हीडी काढणाऱ्यांचा यात दोष नाही, त्या चकतीत मावतंच तेवढं.

म्हणून म्हणतो, मूळ निगेटिव्हवरून ४के (म्हणजे खूप बारकाव्याचं) स्कॅन करून डिस्क काढावी. आणि नुसता सिनेमा नको. अनुपम खेरने यात 'डिस्को किलर' नावाचा मारेकरी रंगवला होता, तो संकलनात अख्खाच्या अख्खा उडाला. ती रिळं जिथे कुठे असतील तिथून शोधून डिस्कवर घालावीत. ज्यांना बघायची ते बघतील, नको त्यांनी त्या बटणाला हात लावू नये. कुणाचं काय जातं?

कात्रीवाली

कुणाचं काय जातं? सिनेमाच्या संकलिका रेणू सलुजांचं जातं, आणि त्या उत्तर द्यायला नाहीत.

रीळभक्त, तुम्ही संकलनाला 'उडवणं' म्हणता तिथेच आपलं फाटतं. मी लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संस्थेत (एफटीआयआय) संकलन शिकले. वाईट प्रसंग कोणीही कापतो, चांगला प्रसंग कापायला अक्कल लागते, हे तिथे लवकरच डोक्यात बसतं. शेवटचं ते महाभारत घ्या. स्टेजवर एकामागून एक भलतीच माणसं घुसतायत, कुणाचा कुणाला मेळ नाही, द्रौपदीच्या जागी प्रेत उभं आहे आणि मध्येच आंधळा धृतराष्ट्र विचारतो की हे चाललंय काय. आपण हसून श्वास घेतो, नेमका तिथे दर वेळी तो प्रश्न पडतो. एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तर तेच दृश्य शाळेच्या गॅदरिंगमधल्या फसलेल्या नाटकासारखं वाटेल.

डिस्को किलर आत असता तर ही गती राहिली असती? अनुपम खेर कितीही मोठा नट असो, गोष्टीला आणखी एक फाटा फुटला असता. आधीच दोन बिल्डर, एक कमिशनर, त्याच्या जागी आलेला दुसरा कमिशनर, एक डावपेची संपादिका आणि दोन येडपट फोटोग्राफर आहेत. रिळं सापडलीच तर संग्रहालयात ठेवा, अभ्यासकांनी बघावीत. डिस्कवर आली की लोक 'पूर्ण आवृत्ती' म्हणून फिरवणार, आणि मग कुणीतरी अतिहुशार ती मध्येच चिकटवून यूट्यूबवर चढवणार.

रीळभक्त

फिरवू देत की ताई. कुंदन शाह, रेणू सलुजा, नसीर, ओम पुरी, सतीश शाह, सगळे तुमच्याच संस्थेतले. उद्या तिथे शिकणाऱ्या पोराला काय कापलं तेच दिसलं नाही, तर का कापलं हे तुम्ही शिकवणार कशावरून?

ऋता_के

भांडण छान रंगलंय, पण प्लेअर कुणाकडे आहे? आमच्या बावधनच्या फ्लॅटमध्ये डिस्क घालायला जागा असलेली एकही वस्तू नाही. लॅपटॉपलाही खाच नाही.

आणि हा सिनेमा एनएफडीसीचा, म्हणजे सात लाखांच्या आसपास जनतेच्या पैशातून झालेला. मग दुरुस्त करा आणि ऑनलाइन फुकट ठेवा. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना यातला महाभारताचा तुकडा तोंडपाठ आहे, अख्खा सिनेमा मात्र पाहिलेला नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं की हजारो रुपयांची डिस्क काढून मूठभर हौशी लोकांची कपाटं भरायची?

गल्लीतला_पडदा

माझा दोन्हीला विरोध. रच्याकने, आयडीवरून ओळखलं असेलच, आमची सिनेमाची शाळा म्हणजे गणपतीतला रस्ता. नारायण पेठेत आडवा पडदा बांधायचे. पुढे जागा मिळाली नाही तर मागे सतरंजी टाकायची. मागून सगळं उलटं, दुकानांच्या पाट्या उलट्या, झाडून सगळे हिरो डावखुरे. वारा आला की व्हिलनचं पोट सुटायचं. तरी शिट्ट्या पडायच्याच ना?

'जाने भी दो यारो' मी पहिल्यांदा पाहिला तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, दूरदर्शनवर. हसून ठसका लागला होता. काय कमी पडलं? उधार-उसनवारीवर झालेलं ते काम. नसीरुद्दीन शाहचा स्वतःचा कॅमेरा सिनेमात वापरायला घेतला आणि तो चोरीला गेला, इतकी बोंब. त्याला आता ४के पॉलिश मारून काय मिळवणार? विगची कड दिसेल, कपड्यांची शिवण दिसेल. सतीश शाहचं प्रेत श्वास घेताना दिसेल! प्रेताचा श्वास बघायला मी एक दमडी देणार नाही.

डेक्कनचा_दिन्या

मी देईन. दुप्पट देईन.

ब्रोमाइड_काका

पडदेवाले, निम्मं पटलं. पॉलिश नको हे खरं, पण म्हणून ४के नको हे चूक.

बुधवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता, डिजिटल आल्यावर बंद केला. या सिनेमात खून उघडकीस येतो कसा ते आठवा. बागेत फोटो काढलेले असतात. बागेचं नाव अँटोनिओनी पार्क, म्हणजे १९६६ च्या 'ब्लो-अप'ला उघड उघड रामराम. मग 'ब्यूटी फोटो स्टुडिओ'चे हे दोन मालक तो फोटो मोठा करतात, आणखी मोठा करतात, आणि ठिपक्या-ठिपक्यांतून पिस्तूलवाला बिल्डर तरनेजा वर येतो.

एन्लार्जर चालवलेल्या माणसाला हे पडद्यावर बघताना वेगळंच वाटतं. एन्लार्जरचं डोकं वर चढवत गेलं की दाणे, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, फुटायला लागतात. डोळा कुठला आणि डाग कुठला ते सांगता येत नाही. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद चिमट्याने हलवत राहायचं, पाण्यातून काळपट काहीतरी वर येतं, ते माणूस आहे की झुडूप याची खात्री हायपोतून (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून) काढून उजेडात नेईपर्यंत होत नाही. अख्खी गोष्ट त्या दाण्यांवर उभी आहे. आणि हल्लीचे बरेच दुरुस्तीवाले आधी करतात काय, तर संगणकावर दाणे पुसतात! सगळे चेहरे मेणाचे.

धूळ काढा, ओरखडे काढा, जोडावरची उडी बसवा. दाण्यांना हात लावायचा नाही. ४के हवं ते त्यासाठीच. ऋता, तुझ्या फुकटच्या ऑनलाइनला माझा विरोध एवढ्याचसाठी. तिथे डेटा वाचवायला चित्र इतकं दाबतात की दाण्यांचे चौकोन होतात, आणि अंधारात तर नुसती खिचडी.

लॅबमधला_नाना

सगळ्यांच्या उत्साहावर थोडं विरजण घालतो.

रंगीत फिल्मवरचा रंग म्हणजे रासायनिक डाय. थंड आणि कोरड्या जागेत ठेवली नाही तर तो उडत जातो. जुन्या प्रिंट गुलाबी पडलेल्या पाहिल्या असतील, ते हेच. शिवाय ॲसिटेट फिल्मला उष्ण-दमट हवा लागली की ती आक्रसायला, वळायला लागते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, थंडीत ठेवून लांबवता येतं इतकंच. पुण्यात २००३ ची आग लोकांना आठवते. संस्थेच्या आवारातली नायट्रेटची रिळं गेली, त्यात प्रभातचीही होती. नायट्रेट पेटतं म्हणून त्याची बातमी होते. ॲसिटेट गुपचूप कुजतं.

कापलेल्या रिळांचं म्हणाल तर सिनेमा पूर्ण झाला की उरलेले तुकडे जपायची आपल्याकडे रीतच नव्हती. डबे जागा अडवायचे, भाडं चढायचं, लोक भंगारात काढायचे. त्यामुळे डिस्को किलरवर भांडण्याआधी निगेटिव्हचा विचार करा. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत २२०० सिनेमांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी जाहीर झाले. भागाकार केलात तर एका सिनेमाच्या वाट्याला साडेसोळा लाख. त्याच वर्षी आपल्या लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय एनएफडीसीत विलीन झालं, म्हणजे या सिनेमाचा मालक आणि जपणारा आता एकाच घरातले. पहिली निकड रंगाची आहे. स्कॅन कोणीही करेल, पण १९८३ मध्ये त्या रात्री किती निळ्या होत्या हे सांगणार कोण? छायालेखक बिनोद प्रधान यांना ग्रेडिंगच्या (रंग जुळवण्याच्या) वेळी शेजारी बसवा, आणि लवकर बसवा. तुम्ही मेनूत काय हवं यावर हमरीतुमरीवर आलायत.

डेक्कनचा_दिन्या

म्हणजे बनवायला सात लाख आणि पुसायला साडेसोळा! टेंडर तरनेजालाच गेलं वाटतं.

लॅबमधला_नाना

१९८३ चा रुपया आणि २०२२ चा रुपया एक नव्हे रे बाबा. बाकी कोटी चांगली आहे.

सदाशिव_सुधा

एवढ्या प्रतिसादांत भक्ती बर्वे कुणालाच आठवू नये? एक 'डावपेची संपादिका' म्हणून उल्लेख, तोही ओघात.

'खबरदार'ची संपादिका शोभा सेन म्हणजे भक्तीताई. आमच्या पिढीने त्यांची 'ती फुलराणी' पाहिली. त्या रंगमंचावरच्या, सिनेमात फार थोड्या दिसल्या. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर अपघातात गेल्या. नाटक त्यांच्याबरोबर गेलं, उरलं ते असं तुकड्यातुकड्यांत. या सिनेमात त्या दोन्ही पोरांना किती गोड बोलून कामाला लावतात बघा. तोंडाने सत्याची लढाई आणि मनात सौदा, आणि हे सगळं आवाजात, भुवईसुद्धा फारशी हलत नाही. कात्रीवाली, रागावू नकोस, पण कापलेल्या रिळांत त्यांचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा जरी असेल तरी मला तो हवाय. गोष्टीची गती गेली खड्ड्यात.

आणि सगळे चित्राबद्दलच बोलताय. ध्वनी मूळ मोनोच (एकाच वाटेचा) ठेवा म्हणावं. खोलीभर पाच कोपऱ्यांतून आवाज फिरवायचे खेळ नकोत. वनराज भाटियांचं संगीत मागच्या सोफ्यामागून कशाला यायला हवंय?

कात्रीवाली

मोनोला +१.

सुधाताई, तुम्हाला नाही म्हणणं जड जातंय, तरी नाहीच. पी. के. नायर यांनी ते संग्रहालय उभं केलं ते चांगलं-वाईट न निवडता सगळं जपायचं म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण जपणं वेगळं आणि वेष्टनात घालून विकणं वेगळं. फार तर मधला मार्ग सांगते. डिस्कबरोबर पुस्तिका द्या, तिच्यात कापलेल्या प्रसंगांची पटकथा आणि स्थिरचित्रं छापा. अनुपम खेरला समोर बसवून त्या भूमिकेबद्दल बोलतं करा. जोडलेलं हलतं चित्र मात्र एकच, जे दिग्दर्शकाने आणि संकलिकेने मान्य करून बाहेर पाठवलं ते.

ऋता_के

काका, दाण्यांचं पटलं. फुकटचा हट्ट सोडते, पण विकतच घ्या म्हणू नका. पूर्वी कॅसेट लायब्ररीत मिळायची तशी डिस्क आणि प्लेअर दोन्ही भाड्याने मिळू देत. आणि पुस्तिका मात्र वेगळी विका, ती मी घेईन.

रीळभक्त

ताई, 'संग्रहालयात बघा' हे तुम्ही संस्थेतली माणसं बोलू शकता. तुम्हाला कुणाला फोन करायचा ते माहीत आहे. हडपसरहून बस बदलत येणाऱ्या बँकेतल्या कारकुनासाठी कोण रीळ चढवणार आहे? २०१५ मध्ये संस्थेतल्या पोरांचं आंदोलन झालं तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी कुंदन शाहांनी याच सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार परत केला. तो माणूस आपली रिळं कुलपात ठेवा म्हणाला असता?

कात्रीवाली

त्यांनी पुरस्कार परत केला, संकलन परत केलं नाही. ते २०१७ मध्येच गेले, आता त्यांच्या तोंडी तुम्ही काहीही घालू शकता. मेलेल्या माणसाला उभं करून आपलं काम साधून घ्यायचं हा या सिनेमातल्या सगळ्यांचा उद्योग आहे, धाग्यावर तरी नको.

रीळभक्त

टोला बसला. मागणी तीच आहे.