मदत हवी आहे: कोणत्या तांदळाने साखर किती वाढते, हे घरी कसं मोजावं?

आईला टाइप २ मधुमेह आहे. भात सोडायला ती तयार नाही, आणि तिने तो सोडावा असं मलाही वाटत नाही. म्हणून बासमती, उकडा आणि बिनसडीचा यांपैकी तिला कोणता मानवतो ते ग्लुकोमीटरवर बघायचंय. (डॉक्टरांना विचारलंय, औषधं आहेत तशीच चालू राहतील.)

ग्लायसेमिक इंडेक्स (एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो याचा आकडा) काढताना ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं देऊन २ तास रक्त तपासतात. प्रत्येक जात शिजताना वेगवेगळं पाणी पिते, म्हणून मी वजन कच्च्या तांदळाचं करणार. बरोबर ना? गार झालेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो, तेव्हा तिन्ही भात ताजे, गरमच वाढेन.

खरी अडचण मीटरची आहे. त्याचा आकडा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. मग दोन भातांत २० mg/dL चा फरक आला, तर तो तांदळाचा की मीटरचा? एकेक जात किती वेळा तपासली म्हणजे भरवसा ठेवता येईल? तिच्या बोटांना कमीत कमी टोचायचंय. उपाशीपोटी, १ तासाने आणि २ तासांनी एवढं पुरेल, की मधला चढ निसटेल? ज्यांनी असं मोजलंय त्यांनी कृपया सांगा.