व्हर्बची तिसरी रूपं आणि पॅसिव्ह व्हॉइस: तुम्हाला नेमकं कधी कळलं?

माझी मुलगी आठवीत आहे आणि सध्या घरात पॅसिव्ह व्हॉइस चालू आहे. काल तिने 'ही राइट्स अ लेटर'चं 'अ लेटर इज रिटन बाय हिम' बरोबर केलं, दहापैकी दहा, आणि मग वही मिटून विचारलं, आई, पण असं मुळात कोण कशाला बोलेल, पत्र त्याने लिहिलं हे सरळ सांगता येत असताना? मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः शाळेत कर्ता-कर्माची जागा बदला, टू बीचं रूप घाला, तिसरं रूप घाला, बाय लावा एवढंच शिकले, मार्क मिळाले, पण नंतर कित्येक वर्षं एकही पॅसिव्ह वाक्य तोंडातून आपणहून आलं नाही. म्हणून विचारतेय, तुम्ही कसे शिकलात, कुठे अडकलात, आणि मुख्य म्हणजे कळलं ते कशामुळे. नियम नकोत, ते पुस्तकात आहेत, अनुभव लिहा.

•••

आमची तीन रकान्यांची वही होती, रोज दहा क्रियापदं पाठ करून उभं राहून म्हणायची. यादी ए टू झेड, म्हणजे बिगिनच्या खाली बेंड आणि बेंडच्या खाली बाइट, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, त्यामुळे आज पाठ केलेलं परवा गेलेलं असायचं. माझ्या मोठ्या बहिणीने एका सुट्टीत ती सगळी यादी आवाजावरून लावून दिली. सिंग सँग संग, ड्रिंक ड्रँक ड्रंक, स्विम स्वॅम स्वम हे एक घर. थिंक थॉट, बाय बॉट, कॅच कॉट, टीच टॉट, फाइट फॉट हे दुसरं. कट, पुट, हिट, शट, लेट, हर्ट तिन्हीकडे तेच ते. कम केम कम आणि रन रॅन रन यांचं पहिलं नि तिसरं सारखं. ब्रिंगला ती म्हणायची हे दिसतं सिंगसारखं पण राहतं थिंकच्या घरात. मी ब्रँग म्हणायचो ना, ते त्या एका वाक्याने कायमचं सुटलं. ती वही माझ्याकडे अजून आहे, बहिणीच्या अक्षरातली.

•••

रीडचं स्पेलिंग तिन्ही रूपांत तेच पण दुसऱ्या-तिसऱ्याचा उच्चार रेड, हे मला कॉलेजात कळलं. आणि लाय-ले-लेन म्हणजे आडवं होणं, ले-लेड-लेड म्हणजे ठेवणं, लाय-लाइड-लाइड म्हणजे खोटं बोलणं, ही तीन मी आजही लिहून बघते मगच बोलते.

•••

माझा गोंधळ पॅसिव्हचा नव्हता, मराठीचा होता, आणि तो कोणीच ओळखला नाही याचं अजून वाईट वाटतं. मराठीच्या तासाला शिकवलं 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी लेख लिहिला', 'मी पत्र लिहिलं', क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय म्हणून हा कर्मणी प्रयोग. पुढच्या तासाला इंग्रजीत सांगितलं पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग. मग मी 'मी चिठ्ठी लिहिली'चं भाषांतर 'द नोट वॉज रिटन बाय मी' केलं, कारण दोन्ही कर्मणी ना? चूक मिळाली, का ते कोणी सांगितलं नाही, आणि मी ठरवून टाकलं की मला व्याकरण जमत नाही. खूप वर्षांनी, बी.एड.ची तयारी करताना डोक्यात उजेड पडला. मराठीतला प्रयोग सांगतो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतंय, इंग्रजीतला व्हॉइस सांगतो कर्त्याच्या खुर्चीत कोण बसलंय. इंग्रजीत व्हर्ब कर्माप्रमाणे फिरतच नाही, त्यामुळे आपलं 'लिहिली' तिकडे साधं ॲक्टिव्हच, 'आय रोट अ नोट'. पॅसिव्हचं खरं भावंड म्हणजे 'चिठ्ठी लिहिली गेली', आणि त्याला आपल्या व्याकरणात वेगळं नाव आहेच, नवीन कर्मणी. हे दोन मिनिटांत सांगता येतं हो. मी आता सातवीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी हेच सांगते.

•••

वरचं वाचून एक आठवलं. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना 'मी करलं' म्हणायचा. बसला, हसला, पडला याच चालीवर. तेव्हा लक्षात आलं की आपलीही रूपं कुठे सरळ आहेत, करतोचं केलं, येतोचं आला, मरतोचं मेला, आणि जातोचं तर गेला, जा कुठे आणि गे कुठे! इंग्रजी मुलंही लहानपणी वेन्टच्या जागी 'गो'ला ईडी लावून 'गोड' (goed) म्हणतात, आणि ते वेन्टसुद्धा मुळात गोचं नाहीच, वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं, गोने दत्तक घेतलेलं. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, सगळी रोजची क्रियापदं वाकडी, कारण जे सतत तोंडात असतं तेच जुनं रूप टिकवून धरतं. क्वचित वापरायच्या क्रियापदाला सरळ ईडी लागतो. हे कळल्यावर माझी यादीवरची चीड गेली.

•••

मी नर्स आहे. नोट्स इंग्रजीत लिहाव्या लागतात आणि सुरुवातीला मी सगळं आय गेव्ह, आय चेंज्ड, आय इन्फॉर्म्ड असं लिहायची. सीनिअर सिस्टर म्हणाल्या, अगं हे तुझ्याबद्दल नाही, पेशंटबद्दल आहे, त्याला पुढे आण. मग पेशंट वॉज शिफ्टेड, ड्रेसिंग वॉज चेंज्ड, डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड. केलं कोणी ते खाली सहीत आहेच. त्या रात्री मला तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ज्याच्याबद्दल बोलायचं तो वाक्याच्या तोंडाशी येतो, बस. पण त्याच सिस्टरनी एकदा 'डोस वॉज मिस्ड' एवढंच लिहिलेलं चालवून घेतलं नाही, म्हणाल्या कोणाकडून आणि किती वाजता ते लिही. पॅसिव्हमध्ये माणूस लपतो, हेही त्याच दिवसांत शिकले, आणि ते मुलांना कुठेच शिकवत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

•••

मी शिकवतो. पहिल्या दिवशी बाय हा शब्द फळ्यावर आणतच नाही. एक प्रश्न देतो, ग्लास फुटला आणि ग्लास फोडला यात फरक काय? मुलं लगेच सांगतात, दुसऱ्यात कोणीतरी केलंय. आपल्याकडे फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्या पडल्यात, म्हणून कर्त्याला गुपचूप बाजूला ठेवणं मराठी पोराला जन्मापासून येतं, त्याला इंग्रजीत ते काम वॉज ब्रोकनने होतं एवढंच दाखवायचं असतं. बाय शेवटी, तेही कर्ता खरंच महत्त्वाचा असेल तर. आणि गो, कम, स्लीप, अराइव्ह यांचं पॅसिव्ह का होत नाही, तर 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारून बघा, उत्तरच येत नाही. खुर्चीत बसवायला कर्मच नाही.

•••

हाच 'कोणाला' मला हवा होता. मी चाळिशीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं आणि ही वॉज डाइड, इट वॉज हॅपन्ड असं बिनधास्त लिहायचे, भूतकाळ म्हणजे वॉज असं डोक्यात. उलट जिथे वॉज हवा तिथे गाळायचे, आय बॉर्न इन अमुक साली. बॉर्न हे बेअरचं तिसरं रूप, म्हणजे मला कोणीतरी जन्म दिला, हे क्लासच्या बाईंनी सांगितल्यावर वॉज पुन्हा कधी विसरले नाही. स्वतःबद्दल सांगायचं पहिलंच वाक्य पॅसिव्ह, आणि त्यातली न लिहिलेली बाय म्हणजे आई.

•••

भाषांतराचं काम करतो, त्यामुळे उलट दिशेने त्रास. 'चोर पकडला' पुरत असताना 'पोलिसांकडून चोरास पकडण्यात आले', 'यांच्याद्वारे लिहिले गेलेले पुस्तक'. इंग्रजी पॅसिव्ह समजलं की एवढं करा, मराठीत आणताना कडून आणि द्वारे आधी काढून बघा.

•••

सगळ्यांना मनापासून थँक्स, नर्सताईंचं आणि ग्लासवालं दोन्ही तिला वाचून दाखवलं. ती उठून सायन्सचं जर्नल घेऊन आली, त्यात तिनेच लिहिलेलं, द टेस्ट ट्यूब वॉज हीटेड, द कलर वॉज नोटेड. म्हणाली, आई हे तर मी आधीपासून लिहितेय. आता ती वहीतल्या दहा वाक्यांतलं बाय हिम, बाय हर पेन्सिलने खोडून बघत बसलीय, कुठलं त्याच्याशिवाय उभं राहतं. सहा राहिली म्हणते, सातव्यावर आमचा वाद चालू आहे.