रोजच्या गाडीला कॉइलओव्हर? इंदूरच्या रस्त्यांवर माझा विरोध

राजेंद्रनगरकर

चौदा महिने वापरल्यावर मागच्या शनिवारी मी माझ्या स्विफ्टचे कॉइलओव्हर काढले आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेले मूळ स्ट्रट, म्हणजे कंपनीचे शॉकअप-स्प्रिंग, परत बसवले. तेव्हापासून मित्रमंडळींत वाद सुरू आहे, म्हणून माझं म्हणणं एकदा नीट मांडतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्यावरची कॉलर फिरवली की स्प्रिंगची बैठक वर-खाली होते आणि गाडीची उंची आपल्या हातात येते. बहुतेक सेटला एक नॉबही असतो, त्याने डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे आवरण्याचा जोर, कमी-जास्त करता येतं. मी पुढे ५ किलो प्रति मि.मी.ची स्प्रिंग घेतली आणि गाडी ४० मि.मी. खाली बसवली.

पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. खंडवा रोडवरच्या भेरू घाटात गाडी अशी वळायची की स्टीअरिंग फिरवल्यावर वाट पाहावी लागत नव्हती. पूर्वी ती आधी एका बाजूला कलायची आणि मग वळायची. तो आनंद खरा होता आणि तो मी नाकारत नाही.

मग मार्चमध्ये आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो. ती मागे बसली होती. चोरल ओलांडल्यावर तिने वरचं हँडल धरलं ते बडवाहपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आपण बसने जाऊ." दुसऱ्या दिवशी तिला वाकून चप्पल घालता येत नव्हती.

आता आकडे. माझ्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर, सस्पेन्शनच्या वरचं वजन साधारण २७० किलो धरा. मूळ स्प्रिंग आम्ही दाबून मोजली, ती २ किलो प्रति मि.मी.च्या आसपास भरली. गणित केलं तर गाडीचं पुढचं अंग सेकंदाला १.३६ वेळा वर-खाली होतं. घरगुती गाड्या १ ते १.५ च्या मध्ये असतात. ५ किलोच्या स्प्रिंगवर हाच आकडा २.१४ होतो. तिथून पुढे शर्यतीच्या गाड्यांचा इलाखा लागतो.

माझा मुख्य मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. मूळ स्प्रिंग गाडीच्या वजनाने १३५ मि.मी. दबून बसते. म्हणजे चाकाखालची जमीन गेली तर तेवढं अंतर ती चाकाला खाली ढकलत राहू शकते. ५ किलोची स्प्रिंग ५४ मि.मी.च दबते. खड्डा त्याहून खोल असला की स्प्रिंगचा जोर संपतो आणि चाक क्षणभर अधांतरी राहतं. अधांतरी चाक ना ब्रेक लावू शकतं, ना वळू शकतं. लोक म्हणतात आराम सोडला की पकड मिळते. गुळगुळीत डांबरावर मिळत असेल, पण फुटक्या रस्त्यावर दोन्ही एकदमच जातात. सर्व्हिस रोडच्या तुटलेल्या कडेवर माझी गाडी ५० च्या वेगात एक हात बाजूला सरकली होती. हा प्रसंग मूळ सस्पेन्शनवर कधी आला नाही.

भेरूघाट

राजेंद्रनगरकर, तुमच्या आईंना झालेल्या त्रासाचं वाईट वाटलं. पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही दोष यंत्राला दिलात, चूक उंचीची होती. ४० मि.मी. कोणी सांगितलं होतं? कॉलर फिरते म्हणून ती शेवटपर्यंत खाली न्यायलाच हवी असं नाही.

माझ्याकडे पोलो आहे. ती गाडी २०२२ पासून आपल्याकडे बनत नाही, त्यामुळे मी तिला जपतो. कॉइलओव्हर तीन वर्षं झाली. पुढे ३ किलोची स्प्रिंग, उंची मूळच्यापेक्षा फक्त १५ मि.मी. कमी. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, पुढच्या सीटवर बसून देवासपर्यंत झोपतात. दर महिन्याला चोरलपर्यंत जाऊन येतो, आणि मूळ शॉकअपवर गाडी जी दोन-तीन हेलकावे घ्यायची ती आता एकात स्थिर होते. त्याने पाठ दुखत नाही, उलट वाचते. मऊ म्हणजे आरामदायक हे समीकरणच चुकीचं आहे. न थांबणारा हेलकावाही अंग मोडतो.

सुदामानगर ०९

मला एक सांगायचं आहे. मी गाडी दिसण्यासाठी खाली बसवली, आणि याची मला लाज वाटत नाही. चाक आणि मडगार्डमधली ती मोठी पोकळी मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. सकाळी गेट उघडल्यावर गाडी पाहून जो आनंद होतो तोही वापरच आहे की. कॉलनीतल्या गतिरोधकावर तिरकी घालून हळू काढतो, आणि जमतं.

पान्याचा माणूस

मी २६ वर्षं याच कामात आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. दोघांच्याही बोलण्यात काही गोष्टी सुटल्यात.

पहिली गोष्ट. स्विफ्ट, पोलो, आय-२० या गाड्यांना मागे कॉइलओव्हर नसतातच. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असतो, स्प्रिंग वेगळीकडे आणि शॉकअप वेगळीकडे. सेटमध्ये मागच्यासाठी एक स्प्रिंग आणि तिच्याखाली फिरणारी बैठक येते, बस. त्यामुळे पुढचं आणि मागचं सारखं सुधारेल अशी आशा धरू नका.

दुसरी. कॉलर घट्ट केली की स्प्रिंग कडक होते, हे रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं. होत नाही. साध्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कॉलरने गाडी वर उचलली जाते, एवढंच. बरे सेट असतात त्यांत खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, म्हणजे उंची बदलली तरी शॉकअपची चाल, म्हणजे दबायला मिळणारी जागा, तेवढीच राहते. स्वस्त सेटमध्ये उंची स्प्रिंगच्या बैठकीनेच कमी करतात, मग चाल खाल्ली जाते. घेताना हा एकच प्रश्न विचारलात तरी निम्मा त्रास वाचेल.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली, गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, उलटा तिरका होतो, त्याचं चाकाकडचं टोक वर येतं. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू मग गाडीचं अंग जितकं खाली येतं त्याहूनही जास्त खाली जातो. म्हणजे तीच स्प्रिंग ठेवून नुसती उंची कमी केली तर कलण्याचा जोर वाढतो. ते लपवायला आणखी कडक स्प्रिंग घालतात. स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, आणि दणका बसला की स्टीअरिंग न फिरवता चाक फिरतं. राजेंद्रनगरकर भाऊ, तुमची गाडी सरकली त्यात चाक उचललं जाण्याइतकाच याचाही हात असणार.

आपल्याकडची धूळ आणि पावसाळा विसरू नका. जुलैत चिखल आट्यांत बसतो, ऑक्टोबरमध्ये तो सिमेंट होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, उंची बदलून द्या, आणि कॉलर छिन्नी मारूनही हलत नाही. दर पावसाळ्यानंतर ब्रशने आटे साफ करून तेलाचा हात फिरवावा लागतो. किती जण करतात? माझ्याकडे आलेल्यांत दोघं.

पिथमपूर शटल

मी रोज राऊवरून पिथमपूरला गाडी नेते, जाऊन-येऊन ५० किलोमीटरच्या वर. मी राजेंद्रनगरकरांच्या बाजूने आहे, कारण मात्र वेगळं आहे.

आईंना मागे बसून त्रास झाला आणि पुढे चालवणाऱ्याला कमी झाला, याचं कारण शोधलंत का? पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा जास्त कडक केलीत. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये हेच तपासलं होतं. दणका आधी पुढच्या चाकाला बसतो, मग मागच्या. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५० मि.मी. आहे, म्हणजे ६० च्या वेगात दोन दणक्यांत सेकंदाचा जेमतेम सातवा भाग जातो. मागचं अंग पुढच्यापेक्षा थोडं जलद हलणारं असेल तर ते उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतं, आणि गाडी सपाट राहून स्थिरावते. उलट केलंत तर पुढचं-मागचं आलटून पालटून डुलतं. मागे बसलेल्या माणसाचं डोकं मग होकार दिल्यासारखं हलत राहतं. आईंनी हँडल का सोडलं नसेल ते मला समजतं.

कंपन्यांना हे जुळवायला किती खटाटोप करावा लागतो ते आपल्या शेजारीच दिसतं. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचं नाव ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकमुळे झालं, २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा सगळीकडे फोटो आले. पण तिथे हँडलिंगचा ट्रॅक वेगळा आहे, कम्फर्टचा वेगळा, फटीगचा, म्हणजे गाडी किती झीज सोसते ते बघायचा, वेगळा. एकाच गाडीला या सगळ्यांवर पास व्हायचं असतं. त्यातून निघालेली जुळणी आपण एका दुपारी कॉलर फिरवायचा सी-पाना घेऊन बदलतो. ती सुधारणारच नाही असं मी म्हणत नाही, पण मोजल्याशिवाय बदलू नये असं मात्र ठामपणे म्हणते.

भेरूघाट

ताई, मोजण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण कंपनीची जुळणी पवित्र नाही. ती रिकाम्या गाडीपासून पाच माणसं आणि भरल्या डिक्कीपर्यंत सगळ्यांसाठी असते, शिवाय किमतीत बसवलेली असते. माझ्या गाडीत बहुतेक वेळा दोघंच असतात.

राजेंद्रनगरकर

भेरूघाट, तुमच्या सेटचे आकडे मी तपासले. माझ्या गाडीच्या वजनावर ३ किलोची स्प्रिंग सेकंदाला १.६६ हेलकावे देते आणि ९० मि.मी. दबते. हे रस्त्यावर चालण्यासारखं आहे, मान्य. पण मग मला सांगा, उंची जवळजवळ मूळचीच, स्प्रिंग थोडीशीच कडक, तर एवढे पैसे नेमके कशाला घातले? चांगले शॉकअप आणि नवे टायर यात निम्म्या खर्चात आले असते. उंची कमी-जास्त करता येणं हीच ज्या वस्तूची ओळख, ती सोय वापरायचीच नसेल तर ती वस्तू घ्यावी का?

भेरूघाट

डॅम्पिंगसाठी. दोघं असलो की नॉब आठ क्लिक सैल, घाटात जायचं तर पाच क्लिक घट्ट. मूळ शॉकअपमध्ये ही मुभा नाही. उंचीची सोय मीही वापरली, चारही चाकांवरचं वजन जुळवायला.

पान्याचा माणूस

एक दुरुस्ती. त्या नॉबने बहुतेक सेटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे स्प्रिंग परत उलगडण्याचा वेग. तो फार घट्ट केला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आधीच पुढचा दणका येतो, आणि गाडी हळूहळू खाली दबत जाऊन बम्प स्टॉपवर, म्हणजे चाल संपल्यावर दणका झेलणाऱ्या फोमच्या ठोकळ्यावर, बसते. राजेंद्रनगरकर भाऊ, तुमचे बम्प स्टॉप कसे निघाले?

राजेंद्रनगरकर

दादा, हे लिहायचं राहिलं होतं. रबरी बूट वर सरकवला तर पिवळ्या फोमचा भुगा हातात आला. दोन्ही बाजूंचा. डावीकडचा तर उभा चिरला होता आणि शाफ्टवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर, त्याची पिवळी पावडर चिकटली होती. म्हणजे मी चौदा महिने स्प्रिंगवर कमी आणि त्या फोमवर जास्त चाललो.

कागदांचं काय

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तुमच्या सेटने काय बदलतं ते बघा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकू शकतो.

पिथमपूर शटल

वाद मिटवायला एक साधा उपाय. शाफ्टला झिप टाय घट्ट बांधा आणि खाली नळीला टेकवून ठेवा. फिरून या. टाय जिथपर्यंत वर ढकलला गेला तिथपर्यंत चाल वापरली गेली. राजेंद्रनगरकर, मूळ स्ट्रटवर हे करून बघाल का? आणि भेरूघाट, तुम्ही तुमच्या पोलोवर? रस्ता तोच, वेग तोच, माणसं तेवढीच.

सुदामानगर ०९

मीही बांधतो. माझा निकाल काय येणार ते मला माहीत आहे, पण बघायचं आहे.

राजेंद्रनगरकर

काल संध्याकाळी केलं. घरापासून सिमरोल, तिथून परत. गाडीत तिघं. मूळ स्ट्रटवर टाय आणि बम्प स्टॉप यांच्यात २२ मि.मी. उरले. गाडी वळणावर कलते, ते पुन्हा खटकलं, हे प्रामाणिकपणे लिहितो. घाटाची ती मजा गेली आहे, आणि मला तिची आठवण येते. पण २२ मि.मी. शिल्लक आहेत.

सेट अजून विकलेला नाही. दादा, माझ्या नळीवर ३ किलोची स्प्रिंग बसेल का, आणि खालचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा आहे का, ते बघायला गुरुवारी घेऊन येऊ?

पान्याचा माणूस

या. साफ करून आणा, आटे दिसले पाहिजेत. नवे बम्प स्टॉप लागतीलच.

भेरूघाट

मग रविवारी सकाळी सहाला तेजाजी नगर चौकात भेटू. तुमची मूळ सस्पेन्शनवरची स्विफ्ट, माझी पोलो, चोरलपर्यंत. जाताना एका गाडीत, येताना दुसऱ्या. आईंना यायला जमलं तर विचारा. मागच्या सीटवर बसून त्या सांगतील ते मी मान्य करीन.

राजेंद्रनगरकर

विचारलं. येते म्हणाली. पुढे बसणार नाही, मागेच बसेन म्हणाली.